एका फोनला एकच काम

जगात फोन वापरणारी माणसं कोट्यवधी असतील, पण फोनला नोकरीवर ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माण गावात माझी घरमालकीण होती. नोकरीवर म्हणजे अगदी रीतसर. प्रत्येक फोनला एक काम, एक जागा, ठरलेली वेळ आणि संध्याकाळी खाणंपिणं. मी पंधरा-सोळा वर्षं संगणकाच्या धंद्यात आहे. कामाचं नियोजन कसं करावं यावर कंपनीच्या खर्चानं चार प्रशिक्षणं घेतली आहेत. त्यांची प्रमाणपत्रं कुठल्या फोल्डरात ठेवली ते मात्र आता सापडत नाही. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. तरी कामाची शिस्त कुणाकडून शिकलात असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून काकूंचं नाव घेईन. माझी नोकरी जायची वेळ आली होती त्या आठ आठवड्यांत तर मी त्यांच्या हाताखालीच कामाला होतो म्हणा ना.

घर दुमजली. खाली काकू एकट्या, वर आम्ही सहा भाडेकरू. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भरे गावच्या कारखान्यात, तो आणि सून रविवारी येऊन जायचे. मागं गोठ्यात एक म्हैस. गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे आयटीच्या काचेच्या इमारती दिसायच्या, आणि त्यातल्या दोन इमारतींच्या खाली काकूंची भाताची खाचरं होती. त्यावर त्या फारसं बोलत नसत. वाळवण पसरता पसरता एखाद्या इमारतीकडे मान करून म्हणायच्या, "तितं आमचं इंद्रायणी यायचं. लई वास सुटायचा," आणि पुन्हा कामाला लागायच्या. माझं घर कराडला. बायको आणि मुलगी तिकडे, मी इकडे एका खोलीत, आणि काकूंच्या लेखी माझं नावही कराडच. त्या कुठल्याच भाडेकरूला नावानं हाक मारत नसत. नावं बदलतात, गाव बदलत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता या फोनांची भरती कशी झाली ते सांगतो. आयटीतली माणसं दर दीड-दोन वर्षांनी नोकरी बदलतात आणि नोकरीबरोबर फोनही. खोली सोडताना जुना फोन काकूंच्या हातात ठेवून जायची चाल कुणीतरी पाडली आणि ती पुढे चालू राहिली. काकूंनी प्रत्येक फोनला त्याच्या मालकाच्या गावाचं नाव दिलं आणि एकेक काम नेमून दिलं. स्वयंपाकघराच्या चौकटीला, खिळ्यावर, लोकरीच्या विणलेल्या पिशवीत लटकायचा तो नागपूर. त्याचं काम फक्त बोलणं. फोन आला की काकू तिथं जाऊन उभ्यानं बोलायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं कधी दोन मिनिटांपलीकडे गेलं नाही. मांडणीत ताटांच्या मागं इंदूर. त्यानं दुधाची आणि कुकरची वेळ सांगायची. जिन्याखाली फुटक्या काचेचा भोपाळ, तो नुसता बॅटरी म्हणून. कपाटात साड्यांच्या घडीत गुंडाळलेला लखनौ, तो बारशाला आणि लग्नाला फोटो काढायला बाहेर यायचा आणि परत साडीत जायचा. मी एकदा म्हटलं, "काकू, हे सगळं एकाच फोनमध्ये होतं की." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हतं की. पर अर्धं अर्धं व्हतं. एकाला दोन कामं सांगितली की त्यो दोन्हीकडं बघत बसतो." शिवाय त्यांचा दुसरा एक नियम होता, तो तर मला फारच आवडायचा. फोनकडं आपण जायचं, फोननं आपल्या मागं यायचं नाही.

दिवेलागणीला सगळे फोन ओसरीवरच्या बोर्डाजवळ ओळीनं चार्जिंगला लागायचे. त्या वेळी कुणी फोनला हात लावलेला काकूंना खपत नसे. एकदा माझ्या खोलीतली वीज गेली म्हणून मी भोपाळ उचलायला गेलो तर त्या कडाडल्या, "खातंय न्हवं ते? जेवत्या मानसाला उठवतो का कुनी?" मी अंधारात बसलो. एका दिवाळीला मुलानं हौसेनं चांगला महागाचा, चार-चार कॅमेरे असलेला फोन आणला. "आई, यात सगळं आहे, बाकीचे देऊन टाक." काकूंनी तो उलटा-पालटा करून पाहिला, त्यात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो फोन मोरीबाहेरच्या कोनाड्यात आरसा म्हणून रुजू झाला. केस विंचरताना त्या तो समोर धरायच्या. मुलगा दोन रविवार नीट बोलला नाही. काकू मात्र त्या आरशाचं मनापासून कौतुक करायच्या.

या सगळ्या नोकरवर्गात सगळ्यांत मानाची जागा गोठ्यातल्या कटकची होती. वरच्या खोलीत कटकची एक मुलगी राहायची. तिनं सोडून दिलेल्या फोनात मन शांत करायचं ॲप होतं. त्यात एक इंग्रज बाई मंद आवाजात श्वास घ्या, श्वास सोडा, खांदे सैल सोडा असं दहा मिनिटं सांगायची. काकूंनी तो फोन गोठ्यात कशाला ठेवला होता कोण जाणे, पण एका सकाळी तो चुकून चालू झाला आणि म्हशीनं आवाज ऐकताच भरभरून पान्हा सोडला. तेव्हापासून ती इंग्रज बाई बोलल्याशिवाय म्हैस धार काढू देईना. एकदा वीज रात्रभर नव्हती, कटक बंद पडलेला. काकूंनी पहाटे माझं दार वाजवलं. "तुला येतंय न्हवं इंग्रजी? चल." मी गोठ्यात उभा राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून, "ब्रीद इन... ब्रीद आउट... रिलॅक्स युअर शोल्डर्स..." असं म्हणत राहिलो. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेपटी झटकली. शेवटी कसंबसं अर्धा तांब्या दूध निघालं. काकू उठत म्हणाल्या, "शब्द त्येच हायेत, पर तुज्या बोलन्यात घाई हाय. जनावराला कळतंय." मी तोंड धुवायला निघून गेलो.

आणि बेळगाव. बेळगावविषयी सांगताना मला आजही थोडी लाज वाटते. मी राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी, साडेपाचला, खालून एका म्हातारीचा करडा आवाज आला. "उठलीस का न्हाई अजून? टाकीत पानी चढीव. तीन नंबरचा नळ गळतोय, चार दिस झालं सांगून, तुला काय त्याचं! आन् त्या शेजारनीपाशी तासभर गप्पा हानत उभी ऱ्हाऊ नगंस." त्यावर काकूंचा नम्र आवाज, "व्हय आत्याबाई." मला फार वाईट वाटलं. या वयात, एवढं सगळं एकटीनं सांभाळून वर सासूची बोलणी खायची! रोज सकाळी हाच कार्यक्रम. मी दोन महिने मनातल्या मनात काकूंची कीव केली. आजी कधी दिसत नसत, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या असतील असं मी धरून चाललो. पुढं माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. मी पेढे घेऊन खाली गेलो आणि म्हटलं, "काकू, मुद्दाम मऊ आणलेत. आजींना चावायला त्रास नको."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की शेजारीण बाहेर आली. आत्याबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी काकू उद्याची सगळी कामं बेळगावात स्वतःच बोलून ठेवायच्या, पण सासूच्या आवाजात आणि सासूच्या शब्दांत; आणि सकाळी चहा घेता घेता ते ऐकून घ्यायच्या. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, "त्या हुत्या तवा लई राग यायचा. सारखं आपलं ह्ये कर, त्ये कर. त्या गेल्या आन् मी कामं इसराया लागले. एक दिस तर म्हशीला पानीच न्हाई दावलं. मंग ध्यानात आलं, माजं निम्मं डोकं त्येंच्या तोंडात व्हतं." त्यांनी एक पेढा बेळगावपुढे ठेवला, हात जोडले, आणि मग तो स्वतःच खाल्ला.

आता माझ्याकडे वळतो, कारण इथून पुढची गोष्ट माझ्या नोकरीची आहे. माझ्या फोनात त्या काळात कामाला शिस्त लावणारी नऊ ॲपं होती. एक कामांच्या याद्यांचं, एक सवयींचं, एक दर पंचवीस मिनिटांनी घंटा वाजवणारं, एक पाणी प्यायची आठवण करणारं, आणि एक या सगळ्यांचा आढावा घेणारं. मनगटावरचं घड्याळ दर तासाला मला उभं राहायला सांगायचं. ऑफिसचं काम खोलीतूनच चालायचं आणि लॅपटॉपवर मीटिंगांचे चौकोन दिवसभर एकमेकांना खेटून बसलेले. एवढी चोख व्यवस्था असून माझं एकही काम पुरं होत नव्हतं, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कंपनीनं मला पत्र दिलं. भाषा गोड होती. आठ आठवड्यांत नेमून दिलेलं काम पुरं करून दाखवा, नाहीतर आपण दोघांनी वेगळा विचार करावा, असा मथितार्थ. त्रेचाळिसाव्या वर्षी माझा वेगळा विचार करायला दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. घराचे हप्ते, मुलीची अकरावी, आणि बायकोला तर मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा मी नुसता धावत होतो. म्हणजे बसल्या जागी. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी फोन कानाला लावून गच्चीवर येरझाऱ्या घालत मॅनेजरला सांगत होतो, सगळं नियंत्रणात आहे, काळजीचं काही कारण नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाय उचल." मी उचलला. "आता दुसरा." मी खाली पाहिलं. काकूंनी पहाटेपासून घातलेल्या ओल्या कुरडयांच्या मधोमध मी उभा होतो आणि माझ्या चपलांचा माग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला होता. निदान पाच-सहा फेऱ्या झाल्या असाव्यात. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेलो. "काकू, माझी नोकरी जाणार बहुतेक."

दुसरी कुणी बाई असती तर धीर दिला असता, देवाचं नाव घेतलं असतं. काकूंनी विचारलं, "काम काय हाय?" मी सांगितलं. एक जुना प्रोग्राम आहे, तो तुकड्या-तुकड्यानं नव्या जागी न्यायचा आहे. "किती तुकडं?" चाळीस. "झालं किती?" मी जरा घुटमळलो. दोन. "दोन आठवड्यात दोन! मंग दिसभर काय करतोस?" मी मीटिंगा सांगितल्या, निरोप सांगितले, आढावा सांगितला. एवढ्यात मनगटावरच्या घड्याळानं थरथरून मला उभं राहायला सांगितलं. मी उभाच होतो. फोननंही पाणी प्या म्हणून सांगितलं. काकूंनी ते वाचायला लावलं. "तहान लागल्याचं बी ह्येच सांगतंय?" मग त्या चिरडलेल्या कुरडया गोळा करायला बसल्या. "ह्ये सगळं उद्यापास्नं माज्याकडं."

दुसऱ्या दिवशी माझी फेरभरती झाली. घड्याळाला सुट्टी मिळाली. लॅपटॉप वरच्या खोलीत, टेबल भिंतीकडे तोंड करून, आणि त्यावर त्या चाळीस तुकड्यांशिवाय काही उघडायचं नाही. ॲपं काढून टाकली. ती काढताना प्रत्येक ॲपनं मला खरंच जायचंय का असं विचारलं, आणि काकू शेजारून "व्हय म्हन" असं सांगत होत्या. फोन मात्र खाली, त्यांच्या खिडकीच्या फळीवर. मी तो दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला, खाली जाऊन, उभ्यानं बघायचा. मी म्हटलं, "काकू, ऑफिसचे फोन येतात." त्या म्हणाल्या, "येऊ दे की. मी हाय न्हवं?"

आमचा मॅनेजर हैदराबादचा. माणूस वाईट नव्हता, पण काम कुठवर आलं हे दर तासाला विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पहिल्याच दिवशी अकराला त्याचा फोन आला. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. काकूंनी फोन उचलला आणि आपल्या खास हिंदीत सांगितलं, "वो काम को बैठा है. एक बजे उठेगा." पलीकडून विचारणा झाली असावी, आपण कोण. "मालकीन." मग त्यानं नेहमीचं विचारलं, स्टेटस काय आहे. काकू म्हणाल्या, "बोया है. तुम रोज उकर उकर के देखेगा तो उगेगा कैसा?" मला वाटलं, संपलं. आठ आठवड्यांची मुदत आता आठ मिनिटांवर आली. पण पलीकडून अगदी नरम आवाजात, मला जिन्यापर्यंत ऐकू आलं, "ओके आंटी."

त्यानंतर तो रोज एकला फोन करायचा आणि मी खाली पोचायच्या आत काकूंशीच बोलून घ्यायचा. "आज एक हुआ. एक अटक्या है." बस, एवढाच अहवाल. माझ्या पानपानभर अहवालांपेक्षा त्याला हा जास्त पटत असावा, कारण पुढं त्यानं माझ्याकडे अहवाल मागणंच सोडलं. सकाळी साडेपाचला मी खाली चहाला जायला लागलो, कारण आता बेळगावात माझाही वाटा असायचा. टाकी, नळ, म्हैस झाली की आत्याबाईंचा आवाज म्हणायचा, "आन् त्या वरच्याला सांग, काल एकच झालं. आज दोन झाल्याबिगर खाली उतरायचं न्हाई." आम्ही दोघं कपबशी हातात धरून एका सुरात म्हणायचो, "व्हय आत्याबाई." ज्या बाईंना मी कधी पाहिलंही नाही त्यांना मी इतका घाबरायला लागलो की दुपारची झोप आपोआप गेली.

पाचव्या आठवड्यात मात्र सगळं कोसळलं. एकवीस तुकडे झाले होते आणि बाविसाव्यानं आधीचे नऊ मोडले. कसे मोडले ते सांगून कंटाळा आणत नाही. पायातला एक दगड चुकीचा बसला होता आणि तो मीच बसवलेला होता. संध्याकाळी खाली गेलो, नऊ गेले एवढंच सांगितलं. जेवलो नाही. उद्या सकाळी बायकोला फोन करायचा, सगळं सांगायचं आणि कराडला परत जायचं, असं मी ठरवून टाकलं. भावाचं दुकान आहे, तिथं बसता आलं असतं. भाऊ काही बोलला नसता, पण त्याचं ते न बोलणं मला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

सकाळी मी फोन घ्यायला खाली गेलो. काकूंनी आधी चहा दिला आणि बेळगाव सुरू केला. टाकी झाली, नळ झाला, म्हैस झाली. मग आत्याबाई म्हणाल्या, "त्या वरच्याला म्हनावं, मोडलं तर मोडलं. लावलेली रोपं पान्यानं वाहून गेली तर मानूस बांधावर रडत बसत न्हाई. राहिलेली रोपं घेतं आन् पुन्यांदा लावतं. नऊच गेली. बारा हायेत न्हवं?" त्यानंतर आवाज थांबला. संपलं असं समजून मी कप खाली ठेवला, तर थोड्या वेळानं तोच करडा आवाज, पण जरा हळू, पुन्हा आला. "रातीचा जेवला न्हाई त्यो. भाकरी ठेवलीया म्हनावं. आधी खा." मी काकूंकडे पाहिलं. त्या चुलीकडे तोंड करून बसलेल्या. म्हणाल्या, "माज्याकडं बगू नगंस. आत्याबाईच बोलल्या." मी काही केल्या "व्हय आत्याबाई" म्हणू शकलो नाही. भाकरी खाल्ली आणि वर गेलो.

मुदतीला दोन दिवस बाकी असताना चाळिसावा तुकडा जागेवर बसला. कंपनीनं पत्र मागं घेतलं. बायकोला मी सगळं सांगितलं ते त्यानंतर, आणि ती माझ्यावर चिडली ती नोकरीसाठी नव्हे, न सांगितल्यासाठी. मॅनेजरनं मला सगळ्या टीमसमोर बोलायला उभं केलं, विषय असा की मी नेमकं कोणतं टूल वापरलं. मी भाषण तयार केलं होतं, पण ऐन वेळी एवढंच म्हणालो की एकाला एकच काम द्यावं. समोरची पंचवीस माणसं हे वाक्य लगेच फोनात टिपून घ्यायला लागली. मीटिंग संपल्यावर मॅनेजर हळूच जवळ आला आणि त्यानं विचारलं, "आंटी कैसी हैं?" त्याचे फोन काकूंना पुढंही अधूनमधून येत राहिले. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी बायको आणि ती इकडे आल्या आणि आम्ही वाकडला फ्लॅट घेतला. खोली सोडताना रिवाजाप्रमाणे मी नवा फोन घेतला आणि जुना काकूंच्या हातात दिला. खरं सांगतो, मला जरा अपेक्षा होती. इतक्या मोठ्या लढाईतला फोन, त्याला काहीतरी चांगलं पद मिळेल, निदान नागपूरच्या शेजारी खिळा तरी. काकूंनी तो दोन्ही हातांत घेतला. "किती वर्सं झाली ह्येला?" पाच. "राती बी वाजायचा?" रोज. "जेवताना?" हो. त्यांनी मान हलवली आणि तो पदराखाली घेऊन आत गेल्या.

वाकड काही लांब नाही. तरी परत माणला जायला मला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत मी हळूहळू होतो तिथंच परत आलो होतो, हे सांगायला हवं. घड्याळ पुन्हा मनगटावर चढलं. याद्यांचं ॲप आलं, त्यामागून त्याची भावंडं आली. फोन उशाशी असतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा अंगठा काम सुरू करतो. बायको बोलत असते आणि मी हं हं म्हणतो, आणि आपण हं हं म्हणतोय हे मला कळत असतं. साडेपाचला जाग येते, पण खालून कुणी काही बोलत नाही. आमच्या खाली पार्किंग आहे.

काकू होत्या तशाच होत्या. मला बघून "आलं का कराड!" म्हणाल्या आणि चुलीवर भाताचं आधण ठेवलं. मी चपला काढतानाच इकडेतिकडे बघायला लागलो. चौकटीवर नागपूर होता, मांडणीत इंदूर होता, गोठ्यातून त्या इंग्रज बाईचा मंद आवाज येत होता. माझा फोन कुठं दिसेना. शेवटी न राहवून विचारलं, "काकू, माझ्याला काय काम दिलं?"

त्या हात पुसत उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं कोपऱ्यात, जाण्यायेण्याच्या वाटेत येणार नाही अशा जागी, फळीवर गोधडीचा एक जुना तुकडा दुमडून ठेवलेला होता आणि त्यावर माझा फोन होता. बंद. वर धूळ नव्हती. कुणीतरी रोज पुसत असणार.

"बिघडला का?"

"न्हाई. चांगला हाय."

"मग?"

"काई काम न्हाई दिलं त्याला," काकू म्हणाल्या. "पाच वर्सं रातध्याड राबलाय त्यो. जेवताना न्हाई, झोपताना न्हाई, कदी इसावाच न्हाई. आता पडू दे निवांत."

मी त्या फोनकडे बघत राहिलो. मला त्याचा हेवा वाटला, खरोखरीचा हेवा, आणि डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. खिशातला नवा फोन तेवढ्यात दोनदा थरथरला. काकूंनी तळहात पुढं केला. मी तो त्यांना दिला. कुठं ठेवला ते मी पाहिलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "ताट करती."

वाफाळता भात होता, आमटी होती, ताटात मिठाशेजारी लिंबाची फोड होती. मी सावकाश जेवलो. उजवा हात भात कालवत होता आणि डावा, किती दिवसांनी कोण जाणे, मांडीवर नुसता पडून होता.